काळी वेडी, पांढरी शहाणी: ड्रायव्हर आणि एडास यांच्यातल्या विश्वासाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

भोसरी एमआयडीसीत सुटे भाग बनवणारा एक मध्यम कारखाना. माल परदेशी जातो, त्यामुळे महिन्यातून पाच-सहा वेळा कोणी ना कोणी पाहुणा मुंबईच्या विमानतळावर रात्री-अपरात्री उतरतो आणि त्याला आणायला कंपनीची गाडी जाते. गाड्या कंपनीच्याच, पांढऱ्या पाटीच्या. ड्रायव्हर सहा, सगळे पगारी. त्यांच्या ड्यूट्या, डिझेल, सर्व्हिसिंग, चलनं हे सगळं माझ्याकडे, म्हणजे ॲडमिनकडे. नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. घडलेलं बदललेलं नाही.

२०२३ च्या पावसाळ्यात एक गाडी पहाटे चारच्या सुमाराला खालापूरजवळ कंटेनरला मागून घासली. डावा हेडलाइट आणि फेंडर गेला, सुदैवानं गाडीत पाहुणा नव्हता. ड्रायव्हर म्हणाला, पाऊस होता. ऐकणाऱ्या सगळ्यांच्या मनात ‘झोप’ हा शब्द आला, पण तो कोणी उच्चारला नाही. मीही नाही.

दिवाळीला साहेबांनी दोन नव्या एसयूव्ही घेतल्या, वरच्या मॉडेलच्या, एडास असलेल्या. एक पांढरी, एक काळी. एडास म्हणजे चालकाला मदत करणारी यंत्रणा. आपल्याकडे २०२१ नंतर ती बऱ्यापैकी आवाक्यातल्या गाड्यांतही येऊ लागली. पुढच्या काचेच्या वरच्या बाजूला कॅमेरा, खाली जाळीमागे रडार. समोरच्या गाडीशी अंतर राखून वेग कमी-जास्त करणं, पट्ट्यांच्या मधोमध राहायला स्टिअरिंगला हलका हात लावणं, टक्कर होईलसं वाटलं तर ओरडणं आणि शेवटी स्वतः ब्रेक मारणं, एवढी तिची कामं. स्वयंचलित गाड्यांच्या शून्य ते पाच या पायऱ्यांमध्ये ही दोन क्रमांकाची. जबाबदारी संपूर्ण ड्रायव्हरची, गाडी नुसती हाताखाली. शोरूममधल्या पोरानं मात्र चावी देताना सांगितलं, “सर, गाडी स्वतःच चालते.” ते वाक्य पुढे आम्हाला फार महागात पडलं.

अडचण

फेब्रुवारीत साहेब स्वतः मुंबईहून येत होते. गाडी तात्या चालवत होते. तात्या आमचे सर्वांत जुने ड्रायव्हर, वय चौपन्न, तीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही. साहेबांनी डॅशबोर्डकडे बघून विचारलं, हे चिन्ह पिवळं का? तात्या शांतपणे म्हणाले, “बंद केलंय साहेब. ती मधेच ब्रेक मारते.”

दुसऱ्या दिवशी चौकशी केली तेव्हा कळलं की सहाच्या सहा ड्रायव्हर गाडी सुरू केल्या केल्या सगळं बंद करायचे. प्रत्येक वेळी चावी फिरवली की यंत्रणा परत चालू व्हायची, आणि प्रत्येक वेळी हे लोक बोटानं ती बंद करायचे, देवाला नमस्कार करावा तितक्या सवयीनं. आधी डॅशबोर्डवरच्या गणपतीला हात, मग तीन बटणं.

साहेब संतापले. जास्तीचे पैसे मोजून घेतलेली गोष्ट कोणी वापरत नाही म्हटल्यावर कोणीही संतापेल. फर्मान निघालं: एडास बंद केलेली दिसली तर लेखी समज.

दहा-बारा दिवसांत काळ्या गाडीनं नाशिक फाट्याजवळ, समोर काहीच नसताना, करकचून ब्रेक मारला. मागून येणारा टेम्पो बंपरवर आदळला. कोणाला लागलं नाही. पण आता प्रश्न पैशांचा झाला. टेम्पोवाला म्हणे तुम्ही ब्रेक मारलात. आमचा ड्रायव्हर म्हणे मी मारलाच नाही. साहेब म्हणाले, “मग काय भुतानं मारला?” ड्रायव्हर लोकांच्या खोलीत त्या दिवशी जे बोलणं झालं ते मला नंतर कळलं. त्यांच्या मते उत्तर सोपं होतं: हो, भुतानंच. काळी वेडी आहे, पांढरी शहाणी आहे.

हे वाक्य मी त्याआधीही ऐकलं होतं. हसून सोडून दिलं होतं. या सगळ्या प्रकरणातली माझी सर्वांत मोठी चूक तीच, त्याकडे पुढे येतेच.

समोरचे पर्याय

सक्ती करायची, हा पहिला. तो करून झाला होता आणि बंपर फुटला होता. शिवाय सक्तीचा अर्थ ड्रायव्हरांनी असा घेतला की साहेब जवळ असताना चालू, नसताना बंद.

दुसरा, नाद सोडायचा. यंत्रणा बंद ठेवून गाड्या साध्या गाड्यांसारख्या चालवायच्या. मला तेव्हा मनातून हाच पटत होता. पण खालापूरचा कंटेनर डोळ्यांसमोरून जात नव्हता.

तिसरा, कंपनीचा माणूस बोलावून प्रशिक्षण. तेही केलं. एक तरुण आला, पार्किंगमध्ये वीस मिनिटं सगळी बटणं दाखवली, गाडीची स्तुती केली, चहा पिऊन गेला. घाटात काय, पावसात काय, रिक्षा आडवी आली तर काय, यांवर त्याचं उत्तर एकच: “सिस्टीम हँडल करेल.” तात्यांनी त्याला विचारलं, “तू खंडाळ्याच्या घाटात चालवलीस का ही?” त्यानं चालवली नव्हती. तिथंच प्रशिक्षण संपलं.

चौथा पर्याय कुणाला सुचला हे आता आठवत नाही, बहुधा सहाही जण एकदम वैतागून बोलत होते त्यातूनच निघाला: ड्रायव्हर काय म्हणतात ते खरं धरून चालायचं आणि महिनाभर नुसतं लिहून काढायचं.

काय केलं

दोन्ही गाड्यांत एकेक शाळेची वही ठेवली. गाडीनं उगाच ब्रेक मारला, उगाच ओरडली, स्टिअरिंग ओढलं, की फेरी संपल्यावर लिहायचं: ठिकाण, समोर काय होतं, ऊन की पाऊस.

पहिले दहा दिवस वह्या कोऱ्या.

मला वाटलं आळस. खरं कारण सचिननं सांगितलं. सचिन सर्वांत धाकटा, सव्वीस वर्षांचा, मोबाइलमधलं त्याला सगळं कळतं. तो म्हणाला, “मॅडम, साहेबांच्या फोनमध्ये ॲप आहे. कोणी किती जोरात ब्रेक मारला, सगळं तिथं दिसतं. त्यात आम्ही आणखी स्वतःच्या हातानं लिहून द्यायचं?” मी साहेबांना विचारलं. होतं ॲप. नव्या गाड्यांबरोबर येतं तेच, ड्रायव्हिंगला गुण देणारं. साहेब रोज रात्री बघायचे. काळ्या गाडीनं स्वतःहून मारलेले ब्रेकही ड्रायव्हरच्या नावावर पडत होते, आणि दोघांना त्यावरून बोलणीही बसली होती. म्हणजे गाडीचा वेडेपणा आणि मालकाची नजर या दोन गोष्टी ड्रायव्हरांच्या मनात एकच होऊन बसल्या होत्या.

त्यातच तात्यांनी वेगळाच मुद्दा काढला. गाडी आमच्याकडून शिकतेय, शिकून झालं की आम्हाला घरी बसवतील. साहेबांनी त्यावर गडकरींचा दाखला दिला. विनाचालक गाड्या भारतात येऊ देणार नाही, माणसांच्या नोकऱ्या जातील, असं ते २०२३ च्या डिसेंबरात नागपुरात बोलले होते. तात्या म्हणाले, “ते मंत्री आहेत. आमचे मालक तुम्ही.” बरोबरच होतं. साहेबांनी सर्वांसमोर ॲप फोनमधून काढलं आणि दोन ओळींचं पत्र दिलं: या गाड्यांमुळे कोणाची नोकरी जाणार नाही, आणि वहीतल्या नोंदीवरून कोणावर कारवाई होणार नाही. निर्णयाचा क्षण म्हणायचा तर हाच. त्यानंतर वह्या भरायला लागल्या.

तात्या लिहीत नसत. ते गेटवर गाडी थांबवून वॉचमनला सांगायचे आणि वॉचमन लिहायचा. त्यामुळे तात्यांच्या नोंदी सर्वांत रसाळ आहेत. “देहूरोड. जुना पट्टा पुसलेला नाही, नवा शेजारी मारलाय. गाडी जुन्या पट्ट्याला धरून चालली. दोघांची ओढाताण झाली. मी जिंकलो.”

महिन्यानं दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. काळ्या गाडीची भरत आलेली, पांढरीची चार पानं. ड्रायव्हर तेच, रस्ते तेच. मग गाडीच वेगळी असणार. सर्व्हिसिंगच्या फाइलमध्ये शोधलं तर जानेवारीतलं बिल सापडलं. एक्सप्रेसवेवर खडी उडून काळ्या गाडीची पुढची काच तडकली होती आणि ती बाहेरच्या काचवाल्याकडून बदलून घेतली होती, कारण स्वस्त पडली. मंजुरीची सही माझी. काच बदलली की तिच्यामागच्या कॅमेऱ्याची दिशा पुन्हा जुळवून घ्यावी लागते. ती कोणी जुळवलीच नव्हती. कॅमेरा केसभर हलला तरी पन्नास-साठ मीटरवर तो शेजारच्या लेनमधली गाडी आपल्या लेनमध्ये आहे असं समजू शकतो. वर्कशॉपमध्ये समोर ठरावीक अंतरावर नक्षीचा फलक उभा करून ते जुळवून दिलं. काळीचं वेड तिथल्या तिथं बरंच कमी झालं.

काळी वेडी आहे, असं ते लोक फेब्रुवारीपासून सांगत होते. ते मोजमापच होतं, फक्त त्यांच्या भाषेत. मी त्याला अंधश्रद्धा समजले.

उरलेल्या नोंदींवरून आम्ही गाडीचं माहितीपुस्तक नीट वाचलं. ‘मर्यादा’ हे प्रकरण कोणीच वाचत नाही, ते चांगलं लांबलचक होतं. सचिन आणि मी मिळून त्याचं मराठीत एक पान केलं. मथळा: ‘ही गाडी काय करत नाही’. वळणावर समोरची गाडी रडारच्या टप्प्यातून निसटते आणि मग रस्ता मोकळा समजून ही वेग वाढवू शकते. भरवेगात असताना लेनमध्ये बंद पडून उभा असलेला ट्रक हिला दिसेलच असं नाही. मुसळधार पाऊस, धुकं, समोरून येणारं ऊन यांत कॅमेरा आंधळा होतो. चिखल बसला की रडारही. शेजारून अचानक आत घुसणारी दुचाकी उशिरा दिसते. पान लॅमिनेट करून उन्हाच्या झडपेमागे लावलं.

गंमत अशी की हे पान वाचल्यावर ड्रायव्हर यंत्रणा चालू ठेवायला लागले. गुण सांगून जे झालं नव्हतं ते दोष सांगून झालं. तात्यांचं म्हणणं, नवीन क्लीनर हाताखाली आला की आधी त्याला काय येत नाही ते बघायचं, मग काम द्यायचं.

त्यावरून रस्त्यांची वाटणी झाली. शहरात पट्टे धरणारं बंद, टक्करीचा इशारा चालू. किवळ्यापासून लोणावळ्यापर्यंत आणि खाली खालापूर ते पनवेल सगळं चालू. घाटात वेग राखणारं बंद, पाय ब्रेकवर. घाटातली मर्यादा तशीही ताशी ६०.

एक प्रयोग मात्र फसला, तोही सांगते. कारखान्याच्या मागच्या मैदानात रिकाम्या खोक्यांची भिंत रचून गाडी तिच्यावर हळू वेगात सोडली, गाडी थांबते हे सगळ्यांना दिसावं म्हणून. गाडी थांबली नाही. खोकी चौफेर उडाली. कॅमेऱ्याला गाड्या, माणसं, दुचाक्या ओळखता येतात, खोक्यांची भिंत म्हणजे काय हे त्याला कोणी शिकवलेलं नसावं. साहेबांचा चेहरा पडला, ड्रायव्हर पोट धरधरून हसले. दुसऱ्या कोणी असं करू नये, आम्हीही मूर्खपणाच केला. पण त्या हसण्यानंतर प्रश्न विचारायला कोणी बिचकलं नाही.

पुढे दसऱ्याला आणखी एक गोष्ट कळली. गाड्यांची पूजा झाली, झेंडूचे भरघोस ओले हार जाळीवरून आडवे बांधले, आणि पांढरी गाडी, शहाणी गाडी, रडार झाकलं गेल्याचा इशारा देऊन बसली. हार थोडा वर सरकवल्यावर गप्प झाली. वहीत नोंद आहे: “फुलांमुळे दिसेना.”

मग उलटं झालं

जुलै २०२४ मध्ये मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर वेग आणि लेन टिपणारी नवी कॅमेरा यंत्रणा सुरू झाली. चलनं धडाधड यायला लागली. आमच्याकडे चलनाचे पैसे ड्रायव्हरच्या पगारातून कापायची पद्धत आहे. पंधरा दिवसांत सहाही जणांना शोध लागला की गाडीला ९५ वर बसवून दिलं की चलन येत नाही. मी सहा महिने डोकं फोडून जे केलं नसतं ते त्या कॅमेऱ्यांनी केलं. सपाटीवर आता सगळेच यंत्रणा वापरू लागले.

ऑगस्टअखेरीस एका जर्मन पाहुण्यानं साहेबांना जेवताना अगदी सौजन्यानं विचारलं, तुमच्याकडे ड्रायव्हरनं गाडी चालवताना फोनवर क्रिकेट बघायला परवानगी आहे का? गाडी सचिनकडे होती. फोन मांडीवर, स्टिअरिंगवर एक बोट, वेग ९५.

साहेबांना त्याला त्याच दिवशी काढायचं होतं. मी मध्ये पडले, तात्याही पडले, आणि तात्यांचं बोलणं ऐकून खोलीत शांतता झाली. “आधी म्हणालात विश्वास ठेवत नाहीत. त्यानं ठेवला.”

हे आम्हाला आधी सुचायला हवं होतं, कारण जगाला ते आधी सुचलेलं आहे. गूगलनं २०१२-१३ च्या सुमाराला आपल्याच कर्मचाऱ्यांना हायवेवर स्वतः चालणाऱ्या गाड्या वापरायला दिल्या होत्या. गरज पडली तर ताबा घ्यायचा, एवढीच अट. पुढे त्या कंपनीचे, म्हणजे आताच्या वेमोचे, प्रमुख जॉन क्राफचिक यांनी २०१७ मध्ये सांगितलं की आतल्या कॅमेऱ्यात लोक मेकअप करताना, फोनशी खेळताना, चक्क डुलक्या काढताना दिसले. मग त्यांनी अर्धवट मदतीचा तो मार्गच सोडला. ज्यांनी गाडी घडवली त्यांच्या माणसांची ही गत, तर आमच्या सचिनला काय बोलायचं?

सचिनला काढलं नाही. एक महिना त्याला नव्या गाड्या दिल्या नाहीत. आणि एक हिशेब सगळ्यांसमोर फळ्यावर मांडला. ताशी १०० वेग म्हणजे सेकंदाला जवळपास २८ मीटर. स्टिअरिंगवर हात नाही म्हणून आमची गाडी ओरडायला सुमारे १५ सेकंद घेते, हे आम्ही शेजारी बसून घड्याळावर पाहिलं होतं. तेवढ्यात गाडी ४०० मीटरहून जास्त पुढे गेलेली असते. सचिन बराच वेळ फळ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “आमच्या गावातली शाळा ते एसटी स्टँड.”

झडपेमागच्या पानाच्या पाठीवर दुसरा मजकूर आला: ‘आपण काय करायचं नाही’. फोन मांडीवर नाही, हा पहिला मुद्दा सचिनच्याच अक्षरात.

निष्पत्ती

अपघात इतक्या टक्क्यांनी कमी झाले, असं मी सांगू शकत नाही. दोन गाड्यांवरून असा हिशेब निघत नाही. दिसतं ते एवढंच: सपाट रस्त्यावर यंत्रणा चालू असते, घाटात जाणूनबुजून बंद होते, आणि वह्या अजून भरतात. तात्या पट्टे धरणारं साधन एक्सप्रेसवेवरही वापरत नाहीत. स्टिअरिंगला दुसऱ्याचा हात नको म्हणतात. त्यांना सूट आहे. सगळ्यांनी सारखाच विश्वास ठेवावा हा हट्ट मी सोडला. साहेबांनी सोडलाय का, माहीत नाही.

पुन्हा करायचं झालं तर

गाडी घेण्याआधी तात्यांना सोबत घेऊन घाटात चालवून बघेन. शोरूममध्ये जायची वेळ त्यानंतरची.

काच, बंपर, चाकांची अलाइनमेंट, यांतल्या कशालाही हात लागला की कॅमेरा-रडार तपासल्याचा कागद मागेन. काचेत वाचवलेले पैसे टेम्पोच्या धडकेत गेले.

अविश्वास आणि अतिविश्वास, दोन्हींची पानं एकाच दिवशी लावेन. आम्ही सहा महिने एकाच बाजूनं ढकलत राहिलो आणि अडसर निघाल्यावर दुसऱ्या बाजूला पडलो.

आणि ड्यूटी. हे लिहिताना अवघड वाटतं, कारण ते माझंच टेबल आहे. कंटेनरला घासलेल्या त्या ड्रायव्हरनं आदल्या दिवशी सकाळी आठपासून शहरातल्या फेऱ्या केल्या होत्या आणि रात्री अकराला मीच त्याला विमानतळावर धाडलं होतं. दोन गाड्यांच्या एडासला जे जास्तीचे पैसे मोजले, त्यात विमानतळाजवळ एक झोपायची खोली वर्षभर मिळाली असती. आता रात्रीची फेरी असेल त्याला दिवसाची ड्यूटी नसते. तो नियम आम्ही मार्च २०२५ मध्ये केला, म्हणजे कंटेनरनंतर दीडेक वर्षानं.

पांढऱ्या गाडीच्या वहीत त्यानंतरच्या पावसाळ्यातली एक नोंद आहे. पहाटे पावणेपाच, खालापूरच्या पुढे, समोरच्या गाडीनं अचानक ब्रेक मारला, आमची गाडी वेळेत थांबली, मागे पाहुणा झोपेत. तात्यांचं म्हणणं, मी ब्रेक मारलाच होता. पाहुण्याचं म्हणणं, आधी गाडी ओरडली. वॉचमननं दोघांचं ऐकून घेतलं आणि लिहिलं: “ब्रेक लागला. कोणी मारला ते नक्की नाही.”